बोहनीचा प्रश्न

पिकतं तिथं विकत नाही ही म्हण ज्यानं काढली, त्यानं आयुष्यात एकदा तरी आपल्याच गावच्या लोकांपुढं भाषण केलेलं असणार. बाहेरचा लेखक आला की माणसं जिन्यापर्यंत उभी राहतात. आणि आपल्या गल्लीतल्या माणसानं पुस्तक लिहिलं, तर म्हणतात, "हा? हा तर रोज सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जातो!" दूध आणणाऱ्याला लिहिता येत नाही, अशी लोकांची एक ठाम समजूत असते.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना ती मान्य नव्हती. त्यांनी पायंडाच पाडला की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी वरच्या दालनात भाषण होईल, आणि बोलणारा लेखक इथलाच असेल. कार्यकारिणीनं नाकं मुरडली, पण बाईंपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. वर्तमानपत्रांची तिरकी टेबलं भिंतीला सरकवली गेली, लोखंडी घडीच्या खुर्च्या खडखडाट करत मांडल्या गेल्या, आणि पहिला लेखक म्हणून एक म्हातारा पशुवैद्य उभा राहिला.

पशुवैद्य बोलला बरा. पण बोलून झाल्यावर "कुणाला काही विचारायचंय का?" असं बाईंनी म्हटलं आणि दालनात जी शांतता पसरली, ती काही उठेना. लोक आपापल्या चपला न्याहाळू लागले. पशुवैद्यानं पाणी प्यायलं, चष्मा पुसला, पुन्हा पाणी प्यायलं. पुढच्या रांगेत त्याची बायको मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. अशी शांतता लेखकाला टाळ्यांपेक्षा जास्त दिवस आठवते.

तेवढ्यात मागं, खिडकीशी बसलेला एक किरकोळ अंगाचा माणूस उठला. रोज संध्याकाळी येऊन वर्तमानपत्र वाचणारा, कुणाशी फारसं न बोलणारा. तो म्हणाला, "डॉक्टर, जनावर तर काही सांगत नाही. मग त्याला नेमकं कुठं दुखतंय हे तुम्हाला कळतं कसं?"

पशुवैद्याचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. तो त्या एका प्रश्नावर भाषणापेक्षा जास्त बोलला, आणि तो थांबतो न थांबतो तोच चारी बाजूंनी हात वर झाले. त्या दिवसापासून बाईंनी या माणसाला सोडलं नाही. दर महिन्याला पुस्तक आधी त्याच्या हातात जाई, तो ते सावकाश वाची, आणि भाषण संपलं, बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, की उठून पहिला प्रश्न विचारी. सकाळची बोहनी चांगली झाली की दुकानदाराचा दिवस बरा जातो, तसंच हे. वर्तमानपत्रवाल्या म्हाताऱ्यांनी त्याचं नाव बोहनीकाका ठेवलं, आणि त्यापुढं त्याचं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

काकांना हे जमायचं याचं कारण त्यांचा धंदा. ते लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या एका उंच कचेरीत त्यांची सगळी नोकरी गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत गेली होती. तारा, पुल्या, वंगणाचा वास आणि बारा महिने चालणारी घरघर. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्या कामाचा सोपा भाग. अवघड भाग आत अडकलेली माणसं. अडकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती पडण्याची नसते, आपण इथं आहोत हे बाहेर कुणाला ठाऊकच नाही याची असते. म्हणून काका हातात पाना घ्यायच्या आधी बंद दाराला तोंड लावून म्हणत, "मी बाहेर उभा आहे. किती जण आहात? कोणत्या मजल्यावर निघाला होता?" उत्तराशी त्यांना कर्तव्य नसे. आतला माणूस बोलायला लागला की निम्मी भीती सरते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. टेबलामागं उभा राहून पाणी पिणारा लेखक त्यांना त्यातलाच वाटे.

त्यांची बायको त्याच कचेरीत तळमजल्यावर टेलिफोनच्या बोर्डावर होती. "तिसरी लिफ्ट पाचव्या-सहाव्याच्या मधे अडकलीय, आत एक बाई रडतायत," हे तिनं फोनवरून सांगितलेलं पहिलं वाक्य. लग्न लिफ्टनं जमवलं असं काका म्हणत, आणि ती म्हणे, लिफ्ट बिचारी अडकायची, मी कायमची अडकले. आवाज असा खणखणीत की कचेरीतले साहेब लोक वेळ विचारायलाही बोर्डाला फोन लावत. घरात बोलण्याचं काम तिच्याकडं आणि ऐकण्याचं यांच्याकडं, अशी वाटणी होती आणि दोघंही आपापल्या वाटणीवर खूश होते.

मग ती आजारी पडली. आधी खोकला, मग दम, मग इस्पितळ, आणि शेवटी डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. ज्या बाईनं जन्मभर आवाजावर पोट भरलं, तिचा आवाजच गेला. पेन धरायचं बळ हातात उरलं नव्हतं. एक बोट उचललं की पाणी, दोन उचलली की कूस बदलायची, डोळे मिटून उघडले की हो. काका ही भाषा दोन दिवसांत शिकले. नोकरी संपली होतीच. ते रोज दुपारी जात आणि रात्री उशिरापर्यंत स्टुलावर बसून राहत. कुणाला करमावं म्हणून जसं काहीबाही बोलतात, तसं आता ते बोलू लागले आणि ती ऐकू लागली. खाटेशेजारच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत असे. काका येऊन बसण्याआधी खिशातल्या पेचकसानं त्याचा स्क्रू आवळत, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सैल झालेला असे.

असे आठवड्यांमागून आठवडे गेले. एके संध्याकाळी तोंडाला मास्क लावलेली एक सिस्टर त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "आज बऱ्या आहेत त्या. तुम्ही किती दिवस धड झोपला नाहीत. घरी जा. सकाळी या." काकांनी खाटेकडं पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. ते घरी गेले, आणि गाढ झोपले. इतके गाढ, की पहाटे इस्पितळाचा फोन वाजत राहिला, आणि शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा कुठं तो त्यांना ऐकू आला.

लेक तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती, सुट्टीच्या दिवशी येऊन जायची. ती आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तिनं रडण्याआधी विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

काका म्हणाले, "कुणी नव्हतं."

"एक रात्र जागवली नाही तुमच्यानं?"

"सिस्टरनंच पाठवलं गं. बरी आहे म्हणाली."

"सिस्टरचं काय, बाबा. बायको तुमची होती."

भरल्या घरात हे बोलणं झालं. ती ते पुन्हा कधी बोलली नाही, पण बोललेलं मागंही घेतलं नाही. उलट, बापाला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिथली नोकरी सोडून आली, इथल्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि घर चालवू लागली. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, धुतलेले कपडे घडी घालून. शेजारी म्हणत, लेक असावी तर अशी. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण "वाढलंय", "गोळी घेतली का?", "कडी लावून घ्या" यापलीकडं त्या दोन खोल्यांत शब्द उमटत नसे. माणूस भांडला तर समजूत तरी घालता येते. न भांडणाऱ्याचं काय करायचं? काका संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसू लागले ते त्यामुळं. तिथली शांतता निदान सगळ्यांची होती.

तर त्या महिन्यात ग्रंथपालबाईंनी त्यांच्या हातात एक पातळसं पुस्तक दिलं. निवृत्त झालेल्या एका सिस्टरनं आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या. इस्पितळ काकांची बायको होती तेच, हे पहिल्याच पानावर कळत होतं. सालंही तीच. सुरुवातीला लिहिलं होतं की माणसं खरी आहेत, पण ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे व्यवसाय आणि खाटा बदलल्या आहेत.

अर्ध्यावर एक प्रकरण होतं. वाचण्याची आशा सोडलेली एक बाई. नवरा सुतार, अबोल. रोज येई आणि बसण्याआधी शेजारच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करी. एका संध्याकाळी त्या बाईनं सिस्टरला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "यांना घरी पाठवा. म्हणावं, मी बरी आहे. हे इथं बसले तर माझा पाय निघायचा नाही." सिस्टरनं तसं केलं. नवरा घरी गेला, आणि बाईही गेली. सिस्टरनं लिहिलं होतं, वॉर्डात मी खोटं पुष्कळ बोलले, पण सांगून बोलायला लावलेलं खोटं एवढंच.

काकांनी पान पुन्हा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. टेबलाचा पाय! आणि 'माझा पाय निघायचा नाही' हे तर तिचंच बोलणं. माहेरी जायला निघाली की दारात वळून म्हणायची, "तुम्ही असे उभे राहू नका बघू, माझा पाय निघत नाही." लिफ्टवाल्याचा सुतार केला असेल सिस्टरनं. बदललंय असं ती स्वतःच म्हणते की! म्हणजे आपण तिला सोडून आलो नव्हतो. तिनं आपल्याला पाठवलं होतं. त्या रात्री काकांना जी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

चार दिवस ते हे सुख एकट्यानंच जपून होते. मग राहवेना. लेक कामावरून आली, तिनं पिशवी ठेवली, आणि काकांनी ते पान उघडून तिच्यापुढं धरलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं नाही, उलटं टेबलावर ठेवलं.

"बाबा, ही आई नव्हे."

"अगं, टेबलाचा पाय..."

"इस्पितळातली सगळीच टेबलं डुगडुगतात. आईला नळी होती. ही बाई बोलतेय."

"खुणेनं सांगितलं असेल. शब्द सिस्टरनं घातले असतील. व्यवसाय बदलला, तसं."

"असेल, असेल." ती मोरीकडं वळली, हात धुतले, आणि पाठमोरीच म्हणाली, "आमच्याकडं बाटलीवर नाव नसलं ना, तर नमुना फेकून देतात. कुणाचा असेल यावर अंदाज बांधत बसत नाहीत." तिनं नळ बंद केला. "त्या बाई येणार आहेत ना शनिवारी? मग विचारा त्यांना. तोंडानं सांगितलं की खुणेनं. एवढंच विचारा. मी पण येते."

आजवर ती वाचनालयाची पायरी चढली नव्हती.

काकांची झोप परत उडाली. प्रश्न साधा होता, एका शब्दाचं उत्तर होतं. 'खुणेनं' आलं तर सगळं मिळालं, लेकही मिळाली. 'तोंडानं' आलं तर? मग जी चार रात्रींची झोप पदरात पडली होती तीही जायची, आणि लेक पुन्हा म्हणायची काही नाही, नुसती ताट वाढून ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि शुक्रवारी ग्रंथपालबाईंकडं जाऊन उभे राहिले.

"बाई, या खेपेला दुसरं कुणी बघता का?"

बाईंनी चष्मा काढला. "बरं नाही का?"

"तसं नाही."

"मग काका, असं करू नका. त्या सिस्टरबाई जन्मात पहिल्यांदा लोकांपुढं बोलणारेत. येतच नव्हत्या. मी सांगितलं, घाबरू नका, आमचे एक काका आहेत, पहिला प्रश्न ते विचारतात आणि फार सोपा विचारतात. तेव्हा कुठं कबूल झाल्या."

काका मान हलवून घरी आले, आणि रात्री विचार करून त्यांनी दुसरा एक प्रश्न तयार केला: रात्रपाळीत झोप आवरायला तुम्ही काय करत होता? निरुपद्रवी, पुस्तकाला धरून, सिस्टरबाईंना खुलवणारा. लेकीला नंतर काय ते सांगता येईल.

शनिवारी दालन बऱ्यापैकी भरलं. काका नेहमीप्रमाणं खिडकीशी बसले आणि लेक त्यांच्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. सिस्टरबाई लहानखुऱ्या होत्या. एका हातानं टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या ती सोडलीच नाही. कागदावरून वाचत होत्या. काका आवाज ओळखायचा प्रयत्न करत होते. मास्कआडून ऐकलेला तो हाच का? कधी वाटे हाच, कधी वाटे छे. मग सिस्टरबाईंनी पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच प्रकरण वाचायला घेतलं. 'माझा पाय निघायचा नाही' हे वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. लेकीनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

टाळ्या झाल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय का?" आणि चष्म्यावरून खिडकीकडं पाहिलं.

काका उठले नाहीत.

दालनाला सवय होती की आता काका उठतील. त्यामुळं दुसरं कुणी तोंड उघडेना. सिस्टरबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हातातला कागद उलटून पाहिला. आपण काही वाईट बोललो का, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिलेली बाई, आणि तिच्या बाजूनं उभं राहायला आता कुणी नव्हतं. काकांना ते बघवेना. बंद दाराआड माणूस आहे हे ठाऊक असून आपण पायऱ्या उतरून निघून चाललोय, असं त्यांना झालं. ते उठले.

झोपेचा प्रश्न अगदी ओठांवर होता. पण उठताना त्यांचा हात लेकीच्या खांद्याला लागला, आणि तिनं वर पाहिलं. इतकी वर्षं काका त्या डोळ्यांना भीत आले होते. न्यायाधीशाचे डोळे वाटायचे ते त्यांना. आत्ता त्यात न्यायबिय काही नव्हतं. लहानपणी ताप आला की इंजेक्शन देणार का, असं विचारताना ती जशी बघायची, तशी बघत होती. तिलाही ती पुस्तकातली बाई आईच असायला हवी होती! तीही ते पान वाचल्यापासून, कुणास ठाऊक, कदाचित आई गेली तेव्हापासूनच, कुणीतरी येऊन सांगावं म्हणून थांबली होती. हे काकांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता तिला चुकवून झोपेचं विचारणं त्यांना शक्य नव्हतं.

"बाई," काका म्हणाले. "त्या पेशंटनी तुम्हाला हे तोंडानं सांगितलं, की खुणेनं?"

मागं कुणीतरी हसलं. हा काय प्रश्न, असं. पण सिस्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. सोपा प्रश्न येणार हे त्यांना सांगितलेलंच होतं, आणि तो खरोखर सोपा निघाला.

"तोंडानं!" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून सुटला. "अहो, काय आवाज होता त्यांचा! वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जायचा. मी म्हणायची, हळू बोला, बाकीचे झोपलेत. हे वाक्य तेवढं त्यांनी हळू सांगितलं. त्यांचे मिस्टर आहेत अजून. परवाच घरी जाऊन पुस्तक दिलं त्यांना. सुताराचा मी शिंपी करणार होते, पण छापायच्या आधीच ते म्हणाले, नको, सुतारच राहू द्या."

सगळं दालन हसलं. काकाही हसले, कारण हसायचं असतं.

"आभारी आहे, बाई," ते म्हणाले, आणि बसले.

मग काय, हात वर झालेच. एकीनं विचारलं, एकानं विचारलं, एका म्हाताऱ्यानं प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच्या ऑपरेशनची सगळी कहाणी सांगितली. सिस्टरबाई आता कागदाकडं बघतसुद्धा नव्हत्या. अशी रंगलेली संध्याकाळ वाचनालयात फार दिवसांनी झाली. बोहनी झकास झाली होती. काका खुर्चीत सरळ बसून होते, आणि त्यांना यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बायको एकटीच गेली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, सांगता येत नव्हतं. ती डोळे मिटून पडली होती आणि आपण उठून आलो. झालं ते हे एवढंच, आणि ते आधीही माहीत होतंच की. मधले चार दिवस उगाच.

चहा सुरू झाल्यावर ते उठले. ग्रंथपालबाईंनी लांबून हात जोडले, त्यांनीही जोडले. लेक मागून येत होती. ती आता काय बोलेल याचा काकांनी अंदाजच सोडून दिला होता. काही बोलणार नाही, घरी जाऊन कुकर लावेल. फाटकाच्या आतल्या शेवटच्या पायरीवर तिनं त्यांना गाठलं आणि दंडाला धरलं.

"बाबा, थांबा जरा."

काका थांबले. "नव्हती गं ती," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

"हो. नव्हती." एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. "पण आईला बोलता आलं असतं ना, तर तिनंही हेच सांगितलं असतं."

काकांनी तिच्याकडं पाहिलं. उगाच समजूत काढतेय का, हे बघण्यासाठी. ती समजूत काढणाऱ्यांतली नव्हती.

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. आता कुणालाच कळायचं नाही. पण वर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं. डॉक्टरांनी तर आशा केव्हाच सोडली होती. तरी तुम्ही रोज जाऊन बसत होता, आणि ती रोज राहत होती. किती आठवडे राहिली, बाबा! तुम्ही एक दिवस उठलात, आणि ती गेली." तिनं डोळे पुसले. "मी तेव्हा सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"राहू दे," काका म्हणाले. "राहू दे आता."

आणि मग त्यांना तिथं पायरीवरच बसावं लागलं. दोन्ही हात तोंडावर धरून ते लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा तो आपला अधिकार नाही असं त्यांना वाटलं होतं. वरून उतरणारी माणसं बाजूबाजूनं वाट काढत गेली. बोहनीकाकांना सिस्टरबाईंचं पुस्तक फारच लागलेलं दिसतं, असं कुणीतरी म्हणालं. लेक त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, आणि त्यांचं रडणं होईपर्यंत तिथून उठली नाही.